चाकणवालीचे गहू

आमच्या गल्लीत कोणी कोणाचं तोंडावर कौतुक करत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. कोणाचं बाळ पाहायला गेलं आणि ते लोण्याच्या गोळ्यासारखं असलं, तरी आम्ही म्हणतो, "हाय बरं. जरा काळंसावळं हाय." ऐकून बाळाची आई खूश होते. सोयाबीन कमरेला लागलं तरी शेताचा मालक म्हणतो, "काही खरं नाही औंदा," आणि शेजारच्या शेतातला धुऱ्यापलीकडून म्हणतो, "हाव ना." म्हैस बादली भरून दूध देत असली तर तिच्या मालकिणीला विचारायचं, "आटली का व?" चांगल्याला चांगलं म्हटलं की त्याला दृष्ट लागते, असं आम्ही धरून चाललो आहोत.

मी काही फार वेगळी नाही. शाळेत गेले नाही, पण नातवंडांच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, मोबाईलवर जगाच्या बातम्या पाहते. तरी कोणी "या वयात काय छान चालता हो" म्हटलं की त्या दिवशी मी ओट्याच्या पायऱ्या भिंतीला धरून उतरते. मला वाटतं, यात अर्धी भीती आहे आणि अर्धा कंजूषपणा. कौतुकाला पदरचं काही जात नाही, पण तेच हातातून सुटत नाही. टोमणा मात्र आम्ही मागितल्याशिवाय देतो.

अशा गल्लीत चाकणवाली राहायला आली. नवरा आमच्याच गावचा. पंचवीस-तीस वर्षं तो तिकडे चाकणला कारखान्यात होता. कारखान्यातलं काम सुटलं आणि दोघं लग्नाच्या वयाच्या मुलीला घेऊन गावी परत आले, ते कायमचेच. बाई मूळची जालन्याकडची. पण इतकी वर्षं तिकडे काढलेली, म्हणून गल्लीने तिला चाकणवाली करून टाकलं. तिचं खरं नाव विचारलं तर चारजणी एकमेकींकडे पाहतील.

तिला कौतुक करायची सवय होती. सवय कसली, ते तिच्या तोंडातून घामासारखं यायचं. माझं अंगण पाहून म्हणाली, "मावशी, किती सुंदर सारवलंय." मी घाबरून म्हटलं, "कायचं सुंदर, पोपडे निघून राह्यले." समोरच्या घरची बाई म्हशीला पाणी पाजत होती, तिला म्हणाली, "काय तुकतुकीत ठेवलीय हो म्हैस." समोरचीने म्हशीच्या अंगावर पोतं टाकलं. मग एक दिवस समोरचीचा नातू कडेवर होता. चाकणवालीने त्याचा गालगुच्चा घेतला. "गुलाबाचं फूल आहे नुसतं." संध्याकाळी त्याला ताप चढला.

आता त्याच दिवशी त्याला लस टोचली होती. ताप येईल, घाबरू नका, हे आशाताईने दारात उभं राहून सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. पण लसीवर रागावता येत नाही. लस काही समोरच्या नळावर पाणी भरायला येत नाही. माणसाला राग धरायला माणूस लागतो.

तेव्हापासून समोरची तिला पाहिली की नातवाला आत न्यायची. गल्लीत कुजबुज होती, पण तोंडावर कोणी काही बोललं नव्हतं. ते बोलायची वेळ कुरडयांच्या दिवसांत आली.

चैत्र संपत आला की आमच्याकडे कुरडया सुरू होतात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मऊ झाले की वाटायचे, पिळायचे, गाळायचे. ते दुधासारखं पाणी रात्रभर ठेवलं की पांढरा चीक खाली बसतो. पहाटे वरची निवळी ओतून द्यायची, खालचा चीक मोजायचा. जेवढा चीक तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं, त्यात चीक ओतत ओतत घाटायचा. चकाकी आली की गरम गरम सोऱ्यात भरून बाजेवर अंथरलेल्या लुगड्यावर गोल गोल घालायचा. थांबायला वेळ नसतो. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही. ओतायला एक, घाटायला दोघी आलटून पालटून, सोऱ्या दाबायला चारजणी. एकट्या घराचं हे काम नाही. म्हणून आम्ही पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जातो. आज तुझ्या घरी, परवा माझ्या.

आणि एक नियम आहे. चूल पेटली की सगळ्या कुरडया लुगड्यावर पडेपर्यंत बोलायचं नाही. चिकाला दृष्ट फार लवकर लागते म्हणे. त्या तासाभरात आम्ही डोळ्यांनी बोलतो, कोपरांनी बोलतो, एकीला तर भुवईने अख्खी तक्रार सांगता येते. बायका वर्षभर बोलतात आणि तो एक तास गप्प राहतात. म्हणून की काय, त्या तासात जे चुकायचं ते चुकतं.

त्या दिवशी पाळी माझ्या शेजारणीची होती. शेजारीण माझ्याच वयाची. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात सुना म्हणून या गल्लीत आलो, दोघींनी एकमेकींना हसताना आणि रडताना पाहिलेलं आहे, आणि दोघींचं एकमेकींशिवाय पान हलत नाही, आणि पटतही नाही. तिच्या घरी नवी सून आली होती, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. पोरीचं माहेर बीबी गावचं. हुशार, पण सासूच्या पावलाचा आवाज आला की हातातलं काम दुप्पट वेगाने करणारी.

चूल पेटली. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळायला लागलं. मीठ पडलं, हिंग पडलं. सुनेने चिकाचं पातेलं आणून दिलं, सासूने ओतायला सुरुवात केली. आम्ही सगळ्या पदर खोचून, तोंडं मिटून उभ्या. वाफ वर आली, आणि चाकणवाली, जी पहिल्यांदाच आमच्या पाळीत आली होती, गंजात वाकून म्हणाली, "अगं बाई, काय पांढराशुभ्र चीक. अगदी दुधासारखा."

कोणी काही बोललं नाही. बोलायचं नव्हतंच. पण न बोलण्याचेही प्रकार असतात आणि त्यातला हा वाईटातला होता.

चीक घट्ट होईना. शेजारीण घाटत राहिली, मग दुसरीने दांडा घेतला, मग तिसरीने. जाळ वाढवला. चकाकी यायला हवी होती, तिथे नुसती खळ हलत होती. शेवटी तसाच सोऱ्यात भरला. लुगड्यावर पहिली कुरडई पडली, आणि पाहता पाहता तिच्या तारा एकमेकींच्या अंगावर आडव्या झाल्या. दुसरी तशीच. तिसरी तर जाळीचं धिरडं. लहान पोरं वाट्या घेऊन आली होती, त्यांना पातळ काय नि घट्ट काय, ती दूध-साखर घालून खायला बसली. बाकी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षाचे गहू होते ते.

समोरची दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलकडे पाहून बोलली. ज्याला टोमणा मारायचा त्याच्याकडे आम्ही पाहत नाही.

"मी त म्हटलं होतं. एखाद्याची नजरच तशी राह्यते. त्याले कोणी काय करन."

चाकणवालीच्या हातात भरलेला सोऱ्या होता. "माझ्यामुळे झालं का?" तिने विचारलं. खरंच विचारलं, भांडायला नाही.

सगळ्यांनी शेजारणीकडे पाहिलं. घर तिचं, गहू तिचे, निकाल तिचा. ती पदराने कपाळ पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "जाऊ द्या. नजरेपुढे कोणाचं चालते?"

झालं. चाकणवालीने सोऱ्या बाजेच्या कडेला ठेवला आणि चपला घालून गेली.

बाकीच्या पांगल्या. मी मागे थांबले, कारण माझे गुडघे बसले की लवकर उठत नाहीत. सून मोरीपाशी गंज घासत होती. सासू गोठ्याकडे गेली तशी ती हात न थांबवता, मान न वळवता हळूच बोलली.

"आजी, पाणी माह्या हातानं जास्त झालं."

"कायचं पाणी?"

"चीक तळाला घट्ट बसला होता ना, तो मी पाणी टाकून मोकळा केला. आमच्या बीबीले तसंच करतात. अर्धं पाणी चिकात टाकतात न अर्धं चुलीवर ठेवतात. मले वाटलं आत्याबाईनं अर्धंच ठेवलं असन. विचाराव म्हटलं, पण चूल पेटली होती."

मी तिच्याकडे पाहत राहिले. चुलीवर पूर्ण माप, चिकात वरून आणखी. घट्ट कुठून होणार? इतकी साधी गोष्ट. दोन माहेरांच्या दोन पद्धती, आणि मध्ये गप्प राहायचा नियम. दृष्ट लागू नये म्हणून तोंड मिटलं आणि त्या मिटलेल्या तोंडानेच चिकाचं वाटोळं केलं.

"आजी, तुमी कोणाले सांगू नका. आत्याबाईले त नकोच."

मी काय सांगणार? नाही सांगत म्हटलं. बोलून तर बसले. पण घरी येताना माझ्या ध्यानात आलं की मी फार मोठा शब्द देऊन बसले आहे. कारण परवाची पाळी चाकणवालीची होती. तिचे गहू केव्हाचे पाण्यात पडले होते.

आणि संध्याकाळपासून गल्लीत दुखणी सुरू झाली. एकीच्या घरी एकदम पाहुणे निघाले. एकीला मेहकरला दवाखान्यात जायचं आठवलं. एकीचा खांदा धरला. एकीने तर हिवरा आश्रमाला दर्शनाला जायचं ठरवलं, आणि मला विचारते, "काकू, तुमी बी चाला." गल्लीत एका संध्याकाळी इतकं दुखणं मी करोनातही पाहिलं नव्हतं. कोणी चाकणवालीचं नाव घेतलं नाही. कोणी वाईट बोललं नाही. माणसाला वाळीत टाकायला आता पंचायत भरवावी लागत नाही, सगळ्यांनी एकाच दिवशी कामात असलं की पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओट्यावर आली. बसली नाही.

"मावशी, खरं सांगा. उद्या कोणी येणार आहे का?"

"तुले कोणी काही म्हटलं का?"

"तेच तर. कोणीच काही म्हणत नाही." तिने अंगठा-बोट चोळून दाखवलं. "गहू बोटानं दाबला की दूध येतंय. आज वाटलेच पाहिजेत, नाहीतर आंबतील. वास सगळ्या गल्लीत जाईल. वाटले तर उद्या घाटायचे. आम्ही दोघी मायलेकी काय काय करणार?"

तिच्या मुलीचं लग्न जालन्याकडे ठरलं होतं. रुखवतात कुरडया मांडायच्या होत्या, म्हणून गहूही जास्त भिजवलेले. मी म्हटलं, आजकाल विकत मिळतात, बचत गटाच्या बायका करून देतात, चांगल्या असतात.

"मिळतात, माहितीये. लग्नातल्या बायकांना नाही कळणार. पण मावशी, मला इथं राहायचंय. ह्यांचं काम गेलंय, आम्हाला परत जायला तिकडं काही नाही. उद्या माझ्या दारात कोणी आलं नाही, तर पुढच्या महिन्यात पोरीच्या हळदीला तरी कोण येईल?"

मग ती मला सांगायला लागली. चाकणला खोल्यांच्या रांगेत राहायचे. शेजारी बिहारचे, पलीकडे ओरिसाचे, कोणाचं बोलणं कोणाला कळायचं नाही. भाजी दिली, साडी नेसली, पोर रांगायला लागलं, की 'छान, छान' म्हणायचं. तेवढं सगळ्यांना कळायचं. त्या एका शब्दावर तिने तिथे मैत्रिणी केल्या. "इथं सगळ्यांना माझी भाषा कळते," ती म्हणाली, "आणि तोच शब्द चुकीचा निघाला."

मी म्हटलं, "तू गहू वाट. मी येतो उद्या."

"तुम्ही याल हो. पण तुमच्यानं घाटलं जाणार आहे का?"

जाणार नव्हतं. दोघींनाही माहीत होतं. पण ती गेली, आणि थोड्या वेळाने तिच्या घरातून गहू वाटायच्या यंत्राचा आवाज यायला लागला. तो आवाज ऐकत मी घरात येरझारा घातल्या. खरं सांगावं तर त्या नव्या पोरीचं नाव खराब होतं. न सांगावं तर या बाईचं गेलेलंच आहे. एका बाईच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवायचं तर ते ठेवायला दुसरीचं डोकं लागतं, आमच्याकडे जमिनीवर ठेवायची रीतच नाही. कोणाचं तरी चुकलं असल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. नुसतं चुकलं, असं होऊच शकत नाही का?

दुपारी मी शेजारणीकडे गेले. मनात राग घेऊन गेले, हे कबूल करते. ती ओसरीत मिरच्यांची देठं तोडत होती. सून आत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

"काय व, इतक्या उन्हात?"

मी बसले. चार मिरच्या उचलल्या, देठं तोडली. मग म्हटलं, "काल पाणी जास्त झालं होतं."

तिचे हात थांबले. "तुले कोणं सांगतलं?"

आतला भांड्यांचा आवाजही थांबला. मी घाईने आणखी एक मिरची उचलली.

"कोणी काऊन सांगन? इतकं आयुष्य चीक घाटण्यात गेलं. मले दिसत नाही का?"

"दिसत होतं त तव्हाच बोलायचं होतं."

"तुले नाही दिसलं?"

ती मिरच्या तोडत राहिली, एक, एक, एक. मग आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दांडा हातात घेतल्याबरोबर समजलं मले. अन् त्याच्याही आधी समजलं. तिनं चिकात पाणी टाकलं ते मी मांगून पाह्यलं. म्हटलं थोडंसंक असन. चूल पेटली होती, बोलाव कसं."

"मंग नजर काऊन म्हटली?"

"त काय म्हणू? समोरचीनं तोंड उघडलं होतं. थे काही थांबणारी हाय का? नजर नाही म्हटलं असतं त पाणी कोणं टाकलं, हे निघालं असतं. अन् मंग पोरीचं नाव गल्लीत झालं असतं. एकदा सुनेचं नाव पडलं का पडलं. माहं पडलं होतं, तुले याद नाही?"

याद होती. ती नवी असताना तिच्या हातून पुरणाचं पातेलं करपलं होतं. तिला गल्ली कितीतरी वर्षं 'करपी' म्हणत होती. तिला पोरं झाली, पोरं शाळेत गेली, तरी म्हणत होती. मीही म्हटलं असेन, तोंडावर नाही, मागे.

"माह्या सुनेले मी थे नाही होऊ देणार," ती म्हणाली.

मी ज्या रागाने आले होते, तो कुठे ठेवावा ते मला कळेना. मला वाटलं होतं, ही खडूस सासू आहे, हिच्यापासून पोरीला वाचवायचं आहे. आणि इथे तर ही माझ्या आधीच पोरीला वाचवून बसली होती. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. हिने चांगलंच काम केलं होतं, फक्त त्यासाठी लागणारं सामान दुसरीच्या घरातून उचलून आणलं होतं.

"अन् थे चाकणवाली?" मी विचारलं.

"थे बाहेरची हाय. तिचं कोण हाय अठी?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे म्हटलं, "तिलेबी पोरगी हाय. थे पोरगी पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी घरी नवी सून होईन. अन् तिच्या मायच्या दारात उद्या कोणी नसन."

"तू जाय घरी," शेजारीण म्हणाली. रागाने नाही, पण पुढे बोलायचं नाही अशा आवाजात. मी उठले. दारापाशी मागे वळून पाहिलं तर ती त्याच मिरचीचं तुटलेलं देठ पुन्हा तोडायला बघत होती.

सकाळी उजाडताच मी चाकणवालीकडे गेले. तिने अंगणात चूल मांडली होती. निवळी ओतली होती, चीक चांगला बसला होता, पांढरा, घट्ट. मनात म्हटलं, मोठ्याने नाही. तिची मुलगी केस वर बांधून तयार होती. बाजांवर धुतलेली लुगडी अंथरलेली, सोऱ्या ओळीने मांडलेले, गल्लीतल्या सगळ्या बायकांना पुरतील इतके. ते पाहून मला बसवेना.

पाणी मोजून ठेवलं. जाळ लावला. गल्लीत झाडण्याचे आवाज येत होते. त्या सकाळी सगळ्याजणी आपापली अंगणं झाडत होत्या आणि कोणाचंच अंगण झाडून होत नव्हतं. तिच्या फाटकासमोरची जागा तर दोनजणींनी झाडली. मान खाली, झाडू चालू, कान इकडे.

पाणी उकळायला लागलं.

"मावशी, टाकू का?" तिने माझ्या कानात विचारलं, तिघींतच होतो म्हणून नियम कुजबुजीपुरता मोडला.

"थांब जरा."

तिने जाळ ओढला. पाणी निवांत झालं. पुन्हा सारला, पुन्हा उकळी आली. फाटकात कोणी नव्हतं.

"पाणी आटतंय, मावशी. माप चुकेल."

"टाक मंग," मी म्हटलं.

ती ओतत होती, मुलगी घाटत होती. सुरुवातीला जमलं. मग चीक घट्ट व्हायला लागला आणि दांड्याला ओढायला लागला. मुलीचे हात कॉलेजात लिहिणारे, त्यांच्याने दांडा फिरेना. मी दांडा घेतला, चार फेऱ्या मारल्या आणि माझा खांदा बोलायला लागला. कडेने गुठळ्या धरायला लागल्या. चाकणवाली पातेलं तसंच हातात धरून उभी राहिली. ओतावं तर घाटायला कोणी नाही, न ओतावं तर गंजातला चीक जळतो.

तेव्हा फाटक वाजलं. शेजारीण आत आली, मागे तिची सून. शेजारणीने कोणाला 'काय' म्हटलं नाही, 'कसं' म्हटलं नाही. माझ्या हातातला दांडा काढून घेतला, मला कोपराने बाजूला केलं आणि घाटायला लागली. सून दुसऱ्या बाजूने जाळ आवरायला बसली.

मग शेजारीण मोठ्याने म्हणाली, "पाणी किती टाकलं?"

चीक चुलीवर होता. चाकणवालीने माझ्याकडे पाहिलं. बाहेरचे झाडू थांबले.

"मुकी झाली काय? विचारून राह्यलो ना, पाणी किती टाकलं?"

"चिकाइतकंच," चाकणवाली म्हणाली, इतकी हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

"मंग बरोबर हाय. ओत सावकाश." दांडा फिरत होता. "परवा माह्या घरी पाणी जास्त झालं होतं. म्हणून बिघडला चीक. माह्या घरी माप चुकलं."

कोणाचा हात ते ती बोलली नाही. 'माह्या घरी' एवढंच म्हणाली, पण असं म्हणाली की फाटकापर्यंत जावं. सून चुलीत पाहत होती, तिचा चेहरा मला दिसला नाही.

आता गल्लीतल्या बायका धावत आल्या आणि गळ्यात पडल्या असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. आधी एक आली, हातात झाडू तसाच. म्हणाली, दर्शनाची गाडी चुकली. मग खांदा धरलेली आली, तिने आल्या आल्या सोऱ्या उचलला आणि दाबायला लागली. तिसरी पाणी प्यायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. बाहेर आल्यावर दुसरीच्या कानात सांगत होती, सोफ्याला अजून प्लास्टिकचं कव्हर आहे म्हणून. पश्चात्तापाने किती आल्या आणि चाकणवालीचं घर आतून पाहायला किती आल्या, याचा हिशोब मी केला नाही. माणसं चांगल्या कामाला येतात तेव्हा कशासाठी आली ते फार विचारू नये. घाटायला हात हवे होते, हात आले.

कोणी माफी मागितली नाही. आमच्याकडे तीही तोंडावर मागत नाहीत. पहिल्या घाण्यात गुठळ्या राहिल्या, त्या कुरडया घरी खायला ठेवल्या. दुसरा घाणा मात्र उतरला तो सरसर उतरला. ऊन चढेपर्यंत सगळ्या बाजा भरल्या आणि सगळ्याजणी बोलत होत्या, इतक्या की मधेच एकीने विचारलं, "नियम कोठी गेला?" आणि शेजारीण म्हणाली, "तुहं तोंड आधी बंद कर, मंग नियम पाहू."

समोरची आली नाही. तिचं दार अर्धं उघडं होतं आणि त्या अर्ध्यात ती नातवाला घेऊन उभी होती. पोर बरं झालं होतं.

चाकणवालीने गरम चीक एका स्टीलच्या ताटलीत काढला, वर दूध, साखर. मुलीच्या हाती पाठवायचा सोडून पदर सारखा करून स्वतःच निघाली. आम्ही सगळ्या मान खाली घालून कुरडया घालत होतो आणि एकीचंही लक्ष कुरडयांवर नव्हतं. रस्ता ओलांडला. दारासमोर थांबली. समोरचीने नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं, तिच्यापासून लांबच्या. काहीतरी बोलणं झालं. मग समोरचीने एका हाताने ताटली घेतली आणि दार लोटलं.

चाकणवाली परत आली.

"काय म्हणे व?" शेजारणीने विचारलं.

"काही नाही. घरात कोण कोण गोड खातं ते विचारलं मी. म्हणाल्या, सगळेच."

तो चीक कोणी खाल्ला की म्हशीच्या घमेल्यात गेला, ते आम्हाला कधीच कळणार नाही. ताटली अजून परत आलेली नाही. आमच्याकडे शेजारची ताटली रिकामी परत देत नाहीत, काही ना काही घालूनच द्यावी लागते. म्हणजे समोरचीला तिच्यात काय घालावं ते अजून ठरवता आलेलं नाही, असं मी धरून चालले आहे. मुलीच्या लग्नाची भांडी काढताना चाकणवालीने मला विचारलं, "मावशी, ताटली मागू का? एक कमी पडतेय." मी तिला माझ्या घरची दिली आणि म्हटलं, मागू नको. राहू दे तिकडेच.